फुप्फुसाचं वय: धूम्रपानाच्या धोक्यातलं नेमकं काय भिडतं?

हडपसरकर | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, सिगारेट सोडायची आहे. कशी सोडायची हे विचारत नाहीये, त्यावर धाग्यांना तोटा नाही. माझा प्रश्न जरा वेगळा आहे.

धोके मला तोंडपाठ आहेत. कॅन्सर, हार्ट अटॅक, पक्षाघात, काय हवं ते विचारा. थिएटरात सिनेमाआधी ती जाहिरात लागली की आमच्यातले दोघं-तिघं "चल, सुरू व्हायच्या आत एक मारून येऊ" म्हणून उठतात. पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्राने आणि इशाऱ्याने भरलेला असतो, पण टपरीवर एकेक सुटी सिगारेट घेणाऱ्याला तो दिसतो कुठे? (महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे. हे टपरीवाल्याला सांगून बघा, तो लायटर पुढे करेल.)

वय ४३, रोजच्या आठ-दहा. कंपनीच्या चेकअपमध्ये छातीचा एक्स-रे नॉर्मल, ईसीजी नॉर्मल. रिपोर्ट वाचला आणि खाली जाऊन शिलगावली. भीती आहे, नाही असं नाही, पण ती "लोकांना होतं" या जातीची आहे. म्हणून ज्यांची सुटली त्यांना विचारतोय: नक्की काय कळल्यावर सुटली? "इच्छाशक्ती हवी" असं लिहायला आलेल्यांना लांबूनच दंडवत.

आगाऊ_कार्टं | सोमवार, रात्री ११:०५

आमचे आजोबा रोज एक बंडल बिडी ओढून ८८ व्या वर्षी गेले, तेही झोपेत. त्यांचा डॉक्टर त्यांच्या आधी गेला. एक्स-रे नॉर्मल आहे ना? मग कशाला जीव काढताय. ज्याची त्याची वेळ ठरलेली असते.

नाना_वाईकर | मंगळवार, सकाळी ६:२०

हडपसरकर, माझी सुटली ती हर्नियामुळे. सर्जन म्हणाले, आधी किमान चार आठवडे बिडी-सिगारेट बंद, मग टेबलावर घेतो. का विचारलं तर म्हणाले, तुम्ही रोज सकाळी जे खोकता त्याने आतले टाके ताणले जातात, आणि धुराने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात म्हणून जखम भरायला वेळ लागतो, पू व्हायची शक्यता वाढते. कॅन्सरबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. "सोडली नाहीत तर जाळी बसवून उपयोग नाही, परत याल" एवढंच.

आता हर्निया माझा, टाके माझे, बिल माझं. बंद केली. ऑपरेशन झालं, घरी आलो, आणि मग वाटलं की एवढे दिवस काढलेच आहेत तर कशाला परत. यापलीकडे माझ्याकडे तत्त्वज्ञान नाही.

श्वासोच्छ्वास | मंगळवार, दुपारी २:१५

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, नाशिकला. आधी एक्स-रेबद्दल, कारण ओपीडीत रोज कोणीतरी तो नॉर्मल एक्स-रे विमा पॉलिसीसारखा पिशवीतून काढून दाखवतो.

धूम्रपानाने होणारा सीओपीडी, म्हणजे श्वासाला कायमचा अडथळा आणणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. श्वासनळ्या अरुंद होणं, फुप्फुसातले बारीक कप्पे फुटून एकमेकांत मिसळणं, हे चालू असतानाही फिल्म स्वच्छ येऊ शकते. त्यासाठी स्पायरोमेट्री करावी लागते. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात बाहेर फेकायचा. टेक्निशियन शेजारी उभा राहून "जोरात, जोरात, अजून, अजून, सोडू नका" असं ओरडत असतो. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली हा त्यातला कळीचा आकडा.

पंचविशीनंतर हा आकडा सगळ्यांचाच उतरतो. धूर न ओढणाऱ्याचा वर्षाला साधारण ३० मिली, म्हणजे खोकल्याच्या औषधाची तीन झाकणं. ओढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा ६० मिली किंवा त्याहूनही जास्त. सगळ्यांचा नाही, हेही खरं. पण तुम्ही कुठल्या गटात आहात हे फुंकल्याशिवाय कळत नाही. आणि धाप लागायला लागेपर्यंत बरंच गेलेलं असतं, कारण आपण नकळत हळू चालायला लागतो, लिफ्ट घ्यायला लागतो आणि "वय झालं" म्हणतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरमध्ये ३५ वर्षांवरच्या ५६१ धूम्रपान करणाऱ्यांवर एक चाचणी झाली, २००८ साली प्रसिद्ध झाली. सगळ्यांची स्पायरोमेट्री केली, सगळ्यांना सोडायचा सल्ला दिला. फरक इतकाच की अर्ध्यांना निकालाचा कोरडा आकडा मिळाला आणि बाकीच्या अर्ध्यांना "तुमच्या फुप्फुसाचं वय इतकं" (म्हणजे तुमच्याइतकाच आकडा साधारण कुठल्या वयाच्या निरोगी माणसाचा येतो) असं चित्र दाखवून समजावलं. वर्षानंतर पहिल्या गटातल्या ६.४ टक्के लोकांनी सोडलेली होती, दुसऱ्या गटातल्या १३.६ टक्के. शब्दावर विश्वास ठेवला नाही, लाळ तपासून खात्री केली.

मला त्यातली सगळ्यात विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच वाटते. ज्यांच्या फुप्फुसाचं वय खराब निघालं त्यांनीच जास्त सोडली असं झालं नाही. ज्यांचं वय ठीक निघालं त्यांनीही तितक्याच प्रमाणात सोडली. म्हणजे नुसती दहशत नव्हती. स्वतःचा आकडा समजणं हेच काम करून गेलं असावं. तुम्ही "लोकांना होतं" म्हणालात ना, तिथेच सगळी मेख आहे.

हडपसरकर | मंगळवार, दुपारी ३:०२

डॉक्टर, जबरदस्त. ही तपासणी आमच्या पॅकेजमध्ये नव्हतीच. आणि ठीक निघालं तर मी आणखी पेटवीन अशी जी धास्ती होती तिचंही उत्तर मिळालं.

सोलापुरी_चादर | मंगळवार, रात्री ९:३०

डॉक्टर फुप्फुसाबद्दल बोलले, मी पायाबद्दल सांगते.

आमच्या गल्लीत घरोघरी बिडी वळली जायची. आई पण वळायची. मांडीवर सूप, त्यात ओली करून मऊ केलेली तेंदूची पानं, पत्र्याचा माप ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, टोक दुमडायचं, दोरा मारायचा. हात चालूच, तोंडानं गप्पा चालूच. मजुरी हजारावर. घरात कायम तो तिखट वास, पुस्तकाच्या पानांत सुद्धा. त्यामुळं बिडी हे काही व्यसन-बिसन आहे असं आम्हाला वाटलंच नाही कधी, ती तांदळासारखी घरातली वस्तू.

वडील गिरणीत होते. तिशी ओलांडली नव्हती आणि चालताना पोटरीत गोळा यायला लागला. थांबलं की जायचा, परत चाललं की परत. कुणी म्हणालं वात आहे, कुणी म्हणालं उभ्याचं काम आहे. तेल चोळलं, काढे झाले. मग डाव्या पायाचं बोट निळं पडलं आणि पुढं काळं. रात्री पाय खाली सोडून बसायचे, आडवं पडलं की कळ सहन व्हायची नाही. सिव्हिलच्या डॉक्टरांनी बर्जर नाव सांगितलं. हा साखरेचा आजार नाही, तरुण बिडी-सिगारेटवाल्यांच्या हातापायाच्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात म्हणाले. आणि असं म्हणाले की याला खात्रीचं औषध एकच, तंबाखू पूर्ण बंद. दोन बिड्या ठेवल्या तरी आजार पुढं सरकतो.

बोट गेलं. शेजारच्या खाटेवर याच आजाराचा एक माणूस होता, त्याचा गुडघ्याखाली पाय आधीच काढलेला, आणि तो जिन्यात जाऊन ओढायचा. वडिलांनी त्याला बघितलं. त्या दिवसापासून हात लावला नाही, तंबाखू पण नाही. पाय राहिला. आई मात्र पुढं कित्येक वर्षं वळतच होती, दुसरं काम कुठं होतं?

आगाऊ कार्टं भाऊ, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण आमच्या गल्लीतले पण मोजा कधीतरी.

आगाऊ_कार्टं | मंगळवार, रात्री १०:१०

ताई, वाचून गप्प बसलो. आजोबांचं खरं होतं ते सांगितलं, चेष्टा करायची नव्हती.

श्वासोच्छ्वास | मंगळवार, रात्री ११:२०

सोलापुरी ताई, पोटरीतल्या त्या गोळ्याचं वर्णन तुम्ही इतकं नेमकं केलंय की आमच्या विद्यार्थ्यांना वाचायला देईन.

आजोबांचा मुद्दा मात्र मोडीत काढू नका, त्याला नीट उत्तर आहे. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून कोण किती ओढतो ते विचारलं आणि पुढची ५० वर्षं त्या डॉक्टरांचं काय झालं ते नोंदवलं गेलं. २००४ मध्ये निष्कर्ष आला: जन्मभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. सरासरी! म्हणजे काही जण ८८ पर्यंत पोचले, आणि काही जण पन्नाशीतच २०-२५ वर्षं गमावून बसले. आजोबा डोळ्यांसमोर असतात, कारण ते जगले. त्यांच्याबरोबर पारावर बसणारे बाकीचे फोटोतही नसतात.

त्याच अभ्यासातला दुसरा भाग पाकिटावर छापायला हवा होता असं माझं मत आहे. तिशीत सोडली तर ती १० वर्षं जवळजवळ सगळी वाचतात. चाळिशीत ९, पन्नाशीत ६, साठीत ३. हडपसरकर, तुम्ही ४३ चे आहात, म्हणून सांगतोय.

आपल्याकडचंही मोठं सर्वेक्षण आहे, २००८ साली प्रसिद्ध झालं. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचं साधारण १० वर्षांचं नुकसान, बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं ६, बिडी ओढणाऱ्या बायकांचं ८. आणि आपल्याकडे या यादीत फक्त कॅन्सर-हृदयविकार नाहीत, क्षयरोग ठळकपणे आहे. धुराने फुप्फुसाची राखण ढिली पडते, आत झोपलेला टीबी उठतो. माझ्या वॉर्डात ते रोज दिसतं.

अवांतर: हे डॉल स्वतः ओढायचे. १९५० च्या आधी लंडनच्या हॉस्पिटलांमधले रुग्ण तपासायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा संशय मोटारींच्या धुरावर आणि रस्त्याच्या डांबरावर होता. आकडे जमायला लागले तशी त्यांनी अभ्यास पुरा व्हायच्या आतच सिगारेट सोडली.

दोनच_रोज | बुधवार, सकाळी १०:४५

मी दिवसाला दोनच ओढतो, जेवणानंतर. त्याही लाइट. वरचं सगळं माझ्यासारख्यांना लागू नसावं, बरोबर?

श्वासोच्छ्वास | बुधवार, दुपारी १:५०

कॅन्सर आणि सीओपीडीचा धोका किती आणि किती वर्षं ओढली यावर बराच अवलंबून असतो, तिथे दोनचा फायदा आहे. हृदयाचं गणित तसं नाही. रोज एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो रोज वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा निघतो, विसावा भाग नव्हे. रक्त गोठण्याची प्रवृत्ती आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर थोड्या धुरालाही प्रतिसाद देतात.

लाइटबद्दल: फिल्टरवर बारीक भोकं असतात, त्यातून हवा मिसळते आणि यंत्राच्या मापात टार कमी येतं. माणूस यंत्र नाही. त्याची बोटं-ओठ भोकांवर येतात, आणि निकोटिन कमी पडलं की तो खोल आणि जास्त झुरके घेतो. बिडीचंही तसंच, ती विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते.

दोनच_रोज | बुधवार, दुपारी २:०४

निम्मा?? मला वाटलं होतं दहावा वगैरे. घरी बायको हा धागा वाचते, जरा सावकाश लिहा.

अंधेरी_फास्ट | बुधवार, रात्री ८:१५

मी बाई आहे आणि ओढते. बाईला धोके सांगायची वेळ आली की सगळे गर्भाशयावर येतात. "उद्या मुलं कशी होतील?" मला मुलं नकोत, मग मला सिगारेट माफ आहे का? दुसरा वर्ग "शोभतं का" वाला, त्यांना काय बोलणार.

मला भिडलं ते एका गायनॅकच्या साध्या प्रश्नाने. गर्भनिरोधक गोळ्यांची चिठ्ठी नव्याने लिहून घ्यायला गेले होते. तिने वय विचारलं, सिगारेट विचारली, आणि पेन खाली ठेवलं. पस्तिशीनंतर सिगारेट आणि इस्ट्रोजेनची गोळी एकत्र म्हणजे हार्ट अटॅकचा आणि पक्षाघाताचा धोका, मी लिहून देणार नाही. दोन्हीपैकी एक निवड. आवाज चढवला नाही, प्रवचन नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या शरीराबद्दल बोललं, चारित्र्याबद्दल नाही.

अजून पूर्ण सुटलेली नाही. पण आता ओढताना जे डोक्यात येतं ते पाकिटावरचं चित्र नाही, ते खाली ठेवलेलं पेन.

ट्रेंटनवासी | गुरुवार, पहाटे ५:३०

अंधेरी फास्ट, +१. एक उपयोगी गोष्ट सांगतो, मला इथे न्यू जर्सीत फार्मासिस्टने सांगितली होती. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे लिव्हर कॅफिन भराभर निकालात काढतं. सिगारेट बंद केली की तो वेग उतरतो आणि तितक्याच कॉफीत रक्तातलं कॅफिन चांगलंच वाढतं. मग हात थरथरतात, झोप उडते, चिडचिड होते, आणि आपण समजतो सिगारेटवाचून जीव चाललाय. पहिले काही आठवडे चहा-कॉफी निम्म्यावर आणा. मला तरी याने खूप फरक पडला.

दुसरं, निकोटिन गम लोक च्युइंगगमसारखं चघळतात आणि "उचकी लागते, मळमळतं, बोगस आहे" म्हणून फेकतात. ते चार-सहा वेळा चावायचं, तिखट लागलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की परत. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून जातं, गिळून उपयोग नाही. त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी, लिंबू सरबत नको.

पाऊसवेडा | गुरुवार, सकाळी ११:००

व्हेप बद्दल कोणीच बोललं नाही?

श्वासोच्छ्वास | गुरुवार, दुपारी १:४०

भारतात २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे जे मिळतं ते चोरून आलेलं, आत काय आहे कोणाला ठाऊक नाही. सोडायला गम आहे, पॅचेस आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या आहेत. आणि पाकिटावरचं चित्र बघायचं नसेल तर नका बघू, त्याखालचा नंबर बघा: १८००-११-२३५६. सरकारी क्विटलाइन आहे, फोन फुकट आहे.

ट्रेंटनवासींचा कॅफिनचा मुद्दा बरोबर आहे.

हडपसरकर | पुढचा शनिवार, सायंकाळी ७:१०

अपडेट. स्पायरोमेट्री केली. नाकाला चिमटा लावून फुंकताना डोळ्यांसमोर काजवे चमकले, तीनदा फुंकायला लावलं. मग पंप देऊन पंधरा-वीस मिनिटं बसवलं आणि परत तेच.

फुप्फुसाचं वय ५७.

सीओपीडी नाही म्हणाल्या डॉक्टरीण बाई, "अजून नाही". त्यांनी आलेख काढून दाखवला, दोन रेषा. एक मी अशीच चालू ठेवली तर, एक आज सोडली तर. खालच्या रेषेवर साठीच्या जवळ बोट ठेवून म्हणाल्या, इथे जिना चढताना मध्ये थांबावं लागेल. आमची इमारत चार मजली आहे, लिफ्ट नाही, आई-वडील तिसऱ्यावर. वडील ७१ चे, कधी ओढली नाही, पिशवी घेऊन न थांबता चढतात. बाप पिशवी घेऊन वर आणि मी मधल्या पायरीवर, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

एक तारीख ठरवली होती, ती उलटून गेली आहे आणि त्यानंतर ओढलेली नाही. गम चालू आहे, बरोबर पद्धतीने. चहा खरंच कमी केला. सगळ्यात अवघड वेळ ऑफिसमध्ये चारची, कारण तेव्हा सगळी टीम टपरीवर असते आणि गप्पा तिथेच होतात. मी वरच थांबलो तर प्रमोशनच्या बातम्या दोन दिवसांनी कळतात, हा धोका कुठल्याच पाकिटावर नाही.

प्रश्न: गेलेलं परत येतं का? आणि पुढच्या महिन्यात परत फुंकून बघू का?

श्वासोच्छ्वास | शनिवार, रात्री १०:३०

अभिनंदन. ५७ हा आकडा घरी फ्रिजवर लावू नका, घरचे उगाच घाबरतील.

पुढच्या महिन्यात फुंकू नका, फरक दिसणार नाही आणि हिरमोड होईल. वर्षाने करा. सोडल्यावर पहिल्या वर्षात आकडा किंचित सुधारतो, पण जे कप्पे फुटले ते परत बनत नाहीत. तुम्ही मिळवता ते पुढचं: उताराचा वेग न ओढणाऱ्यांसारखा होतो. वरची रेषा ती हीच.

बाकीचं मात्र भराभर परत येतं. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एका दिवसात नॉर्मलला येतो. हृदयविकाराचा जादा धोका वर्षभरात जवळपास निम्म्यावर. फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका चालू ठेवणाऱ्याच्या निम्म्यावर यायला साधारण दहा वर्षं. सुरुवातीला खोकला आणि बेडका वाढला तर घाबरू नका, पण बेडक्यात रक्त दिसलं तर मात्र लगेच दाखवा. वजन चार-पाच किलो वाढू शकतं, त्यासाठी परत पेटवू नका.

चारच्या चहाला खाली जा. गम तोंडात ठेवून जा, पण चहा घेऊ नका.

नाना_वाईकर | रविवार, सकाळी ६:४०

चहा न घेता टपरीवर उभं राहणं म्हणजे सिगारेट सोडण्यापेक्षा अवघड हो डॉक्टर.

मीही एकदा फुंकून घेऊ का? सोडून जमाना झाला, पण हल्ली मंडईतून येताना दम लागतो.

श्वासोच्छ्वास | रविवार, सकाळी ११:१५

नाना, अवश्य घ्या, ईसीजीही काढा. दम म्हणजे फुप्फुसच असं नाही. आणि अडथळा निघालाच तर पंपाने बरंच सुसह्य होतं, पंपाची सवय लागते वगैरे ऐकू नका.

आगाऊ_कार्टं | रविवार, दुपारी १२:०५

डॉक्टर, कोल्हापुरात हे कुठे करतात? मित्रासाठी विचारतोय.

श्वासोच्छ्वास | रविवार, दुपारी १२:३०

कुठल्याही छातीच्या डॉक्टरकडे, नाहीतर मेडिकल कॉलेजच्या छातीविकार ओपीडीत चौकशी करा. जायच्या आधी किमान तासभर ओढायची नाही, पोट गच्च भरून जायचं नाही, घट्ट कपडे नकोत. मित्राला तसं सांगा.

आगाऊ_कार्टं | रविवार, दुपारी १२:३४

मित्र विचारतोय, शनिवारी ओपीडी असते का?